समुद्राने परत दिलेलं टपाल

मुलांनो, एक पत्र पोचायला किती दिवस लागतात? गावातल्या गावात दोन दिवस, परगावी चार-आठ दिवस आणि परदेशी जायचं असेल तर दोन-तीन आठवडे. हल्ली तुम्ही पत्रं फारशी लिहीत नाही, निरोप फोनवरच जातो. पण आई-बाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी पोस्टमन दिसला की अख्खी आळी दारात येऊन उभी राहायची.

आज मी तुम्हांला ज्या पत्राची गोष्ट सांगणार आहे, त्याला पोचायला थोडीथोडकी नाही, तब्बल सत्त्याहत्तर वर्षं लागली!

१९४० साल संपत आलं होतं. दुसरं महायुद्ध जोरात चालू होतं. हिंदुस्थानात आलेल्या एका तरुण इंग्रज शिपायाला इंग्लंडहून एका मुलीचं पत्र आलं. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने होकार कळवला होता. स्वारी इतकी खूश झाली, की आनंदाने रडूच आलं. तसं त्याने लगेच तिला लिहून कळवलं. पाकीट बंद केलं, पत्ता घातला, टपालात टाकलं. ते पत्र काही तिला मिळालं नाही. पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं, मुलंबाळं झाली. आणि २०१८ साली, ती ९९ वर्षांची आजी झालेली असताना, तेच पत्र तिच्यासमोर आलं.

मधली इतकी वर्षं ते पत्र होतं कुठे? अटलांटिक महासागराच्या तळाशी. एका बुडालेल्या आगबोटीच्या पोटात.

नाव ओळखीचं आहे!

त्या आगबोटीचं नाव होतं ‘गैरसोप्पा’. नाव ऐकून काही आठवतंय? कर्नाटकातला जोगचा धबधबा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट असे त्याचे चार प्रवाह २५३ मीटर उंचीवरून खाली कोसळतात. आपल्याकडची जुनी माणसं त्याला ‘गिरसप्पाचा धबधबा’ म्हणतात. शरावती नदीकाठच्या त्याच गिरसप्पा गावाचं नाव इंग्रजांनी आपल्या पद्धतीने लिहिलं आणि या बोटीला दिलं.

बोट मात्र बांधली गेली इंग्लंडात, टाईन नदीच्या काठी, १९१९ साली. तिची मालकी होती ‘ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनीकडे. बोटीची लांबी सुमारे १२५ मीटर. म्हणजे तुमच्या शाळेत शंभर मीटरची शर्यत होते ना, ती या बोटीच्या डेकवर सहज लावता आली असती आणि वर जागा उरली असती. दिसायला अगदी साधी मालवाहू बोट. तिच्यावर ना झगमगते दिवे, ना वाद्यवृंद. कोळशावर चालायची, धूर ओकायची आणि या बंदरातला माल त्या बंदरात नेऊन टाकायची. वीस वर्षं तिने हेच काम इमानेइतबारे केलं.

युद्ध सुरू झालं आणि अशा साध्यासुध्या बोटींना एकदम मोल आलं. ब्रिटन म्हणजे चारही बाजूंनी पाणी असलेला देश. तिथे लोकांना लागणारं धान्य, चहा, तेल, लोखंड, कापूस यातलं कितीतरी समुद्रावरून यायचं. जर्मनीने ओळखलं, की या बोटी बुडवल्या तर ब्रिटन उपाशी पडेल. म्हणून जर्मनीच्या पाणबुड्या अटलांटिक महासागरात दबा धरून बसू लागल्या. मालवाहू बोटीवरचे लोक सैनिक नव्हते, पण लढाईच्या ऐन तोंडावर तेच होते.

सारंग, टंडेल, आगवाला

आता जरा या बोटीवर कोण कोण होतं ते पाहू. एकंदर ८६ माणसं होती. कप्तान आणि मोठे अधिकारी गोरे, तोफ चालवायला दोन-चार माणसं. बाकी बहुतेक सगळे आपल्या हिंदुस्थानातले खलाशी. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. ‘लष्कर’ या आपल्याला माहीत असलेल्या शब्दाचाच हा सावत्र भाऊ.

या खलाशांचं एक वेगळंच जग होतं आणि त्याची वेगळीच भाषा होती. खलाशांचा मुकादम तो ‘सारंग’. त्याच्या हाताखाली ‘टंडेल’. सुकाणू धरणारा ‘सुकाणी’. स्वयंपाक करणारा ‘भंडारी’. आणि बोटीच्या पोटात, जिथे उभं राहिलं तरी अंग भाजून निघतं अशा बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा टाकणारा तो ‘आगवाला’. किती नेमकं नाव आहे पाहा! यातले सारंग आणि टंडेल तर आपल्या कोकणपट्टीतल्या मुलांना ओळखीचे असणार. मचव्यावर, गलबतावर हेच शब्द चालतात.

मुंबई बंदरातून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे, गुजरातच्या किनाऱ्यावरचे आणि गोव्याचे लोक पुष्कळ असत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेट, चितगाव, नोआखाली या भागांतले. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या व्यापारी बोटींवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी काम करत होते. म्हणजे साधारण चार खलाशांमागे एक आपला.

काम तेवढंच, धोकाही तेवढाच. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या जवळजवळ चौथा हिस्सा! म्हणून १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ठिकठिकाणी संप केले. ‘जीव धोक्यात घालायचा तर मजुरी तरी धड द्या,’ असं त्यांचं म्हणणं. कित्येकांना तुरुंगात टाकलं गेलं. पण शेवटी पगार थोडाफार वाढवावाच लागला. हे लोक मुकाट्याने सगळं सोसणारे होते असं समजू नका बरं का!

कलकत्ता ते फ्रीटाऊन

डिसेंबर १९४० मध्ये ‘गैरसोप्पा’ कलकत्त्याहून निघाली. पोटात जवळजवळ सात हजार टन माल होता. बीड म्हणजे कच्चं लोखंड, चहाच्या पेट्या, इतर किरकोळ सामान आणि चांदीच्या विटा. हो, चांदीच्या! एकेक वीट सुमारे ३४-३५ किलोची. तुमच्यातल्या एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाच्या वजनाएवढी. अशा हजारो विटा. शिवाय टपालाच्या थैल्या. हिंदुस्थानात असलेल्या शिपायांनी, व्यापाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी आपापल्या घरच्यांना लिहिलेली पत्रं त्या थैल्यांत होती. आपल्या शिपायाचं ते आनंदाचं पत्रही त्यातच.

आता घरातला अॅटलास उघडा आणि बोट ठेवा कलकत्त्यावर. एरवी बोट अरबी समुद्रातून सुएझ कालव्यात शिरली असती आणि भूमध्य समुद्रातून इंग्लंडला गेली असती. पण इटली युद्धात उतरल्यामुळे तो जवळचा रस्ता धोक्याचा झाला होता. म्हणून मालवाहू बोटींना आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जावं लागे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओन देशात फ्रीटाऊन नावाचं बंदर आहे, ते शोधा. सापडलं? तिथे बोटी एकमेकींची वाट पाहत थांबत.

कारण एकट्यादुकट्या बोटीला पाणबुडी सहज गाठते. पूर्वी आपल्याकडे चोरांच्या भीतीने यात्रेकरू घोळक्याने प्रवास करत, तसंच हे. बोटींचा तांडा करायचा आणि सगळ्यांनी एकत्र निघायचं. ३० जानेवारी १९४१ रोजी ‘एस. एल. ६४’ नावाचा तांडा फ्रीटाऊनहून निघाला. ‘गैरसोप्पा’ त्यात होती. त्यांना गाठायचं होतं इंग्लंडमधलं लिव्हरपूल बंदर.

तांड्याचा एक नियम असतो. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. या तांड्याचा वेग होता ८ नॉट, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. तुम्ही सायकल दामटता तेवढाच!

कोळसा पुरेना

दोन आठवडे बरे गेले. मग अटलांटिकने आपलं खरं रूप दाखवलं. सोसाट्याचा वारा आणि डोंगराएवढ्या लाटा. सात हजार टन माल भरलेली ती वीस वर्षांची जुनी बोट लाटांशी झुंजू लागली. वारा तोंडावर असला की सायकलला दुप्पट पायडल मारावे लागतात ना? तसा इथे कोळसा जास्त लागू लागला. आगवाले टाकत होते आणि भट्टी गिळत होती. शेवटी हिशेब केला तर लक्षात आलं, की या कोळशात लिव्हरपूल गाठता येणार नाही.

कप्तानापुढे दोनच वाटा होत्या. तांड्याबरोबर राहायचं आणि भर समुद्रात कोळसा संपून लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगत बसायचं, किंवा तांडा सोडून जवळचं बंदर गाठायचं. १४ फेब्रुवारीला ‘गैरसोप्पा’ तांड्यातून बाहेर पडली आणि आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे एकटीच निघाली.

१६ फेब्रुवारीला सकाळी आकाशात एक विमान दिसलं. जर्मन विमान. त्याने बोटीभोवती घिरट्या घातल्या आणि निघून गेलं. बोटीवरच्या माणसांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नसेल.

त्याच रात्री ‘यू-१०१’ नावाच्या पाणबुडीने डाव साधला. एक टॉर्पेडो सुटला आणि बोटीच्या उजव्या कुशीत घुसला. पुढची डोलकाठी कोसळली. तिच्याबरोबर बिनतारी यंत्राच्या ताराही तुटल्या. त्यामुळे ‘आम्ही बुडतोय, धावा’ एवढाही निरोप कुणाला पाठवता आला नाही. बोटीने पेट घेतला आणि वीस मिनिटांच्या आत ती पाण्याखाली गेली. सगळ्यात जवळची जमीन, म्हणजे आयर्लंड, तिथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर होती.

तेरा दिवस

बुडत्या बोटीवरून तीन होड्या पाण्यात उतरल्या. त्यांपैकी दोन होड्यांचं पुढे काय झालं ते कुणालाच कधी कळलं नाही. तिसऱ्या होडीत सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स होते. काही गोरे, काही हिंदी खलाशी, असे लोक त्या उघड्या होडीत दाटीवाटीने बसलेले. महिना फेब्रुवारीचा. उत्तर अटलांटिकमधली थंडी म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंडी नव्हे. अंगावरचे कपडे ओले आणि वर बोचरा वारा. आपले खलाशी तर बंगालच्या उबदार हवेतून आलेले.

एअर्स यांनी होडीला शीड लावलं आणि तोंड पूर्वेकडे, इंग्लंडच्या दिशेला वळवलं. जवळची बिस्किटं आणि पाणी मोजून वाटायला सुरुवात केली. चोहोकडे पाणीच पाणी आणि प्यायला मात्र घोट-दोन घोट. मुलांनो, समुद्राचं पाणी पिऊन तहान भागत नाही, उलट वाढते. कारण त्यातलं मीठ शरीराबाहेर टाकायला आणखी पाणी लागतं. हे माहीत असूनही तहानेने वेडापिसा झालेला माणूस ते पितो. थोड्या दिवसांत होडीतलं पाणी संपलं. मग पावसाचे थेंब पडतील तेवढेच. एकेक जण थंडीने आणि तहानेने होडीतच मरण पावू लागला.

तेराव्या दिवशी, १ मार्च १९४१ला, किनारा दिसला! इंग्लंडच्या अगदी दक्षिण टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात ‘लिझर्ड’ नावाचं भूशिर आहे. तिथल्या खडकाळ किनाऱ्याकडे होडी ओढली जाऊ लागली. होडीत तेव्हा मोजकीच माणसं जिवंत उरली होती. किनारा जवळ आला, पण त्या किनाऱ्यावर वाळू नव्हती, कडे होते. एका मोठ्या लाटेने होडी उलटली आणि तेरा दिवस तग धरलेली माणसं किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात फेकली गेली.

त्या वेळी वरच्या कड्यावर तीन लहान मुली होत्या. शहरांवर बॉम्ब पडत म्हणून इंग्लंडमध्ये मुलांना आई-बापांपासून दूर, खेड्यांत पाठवत. तशाच आलेल्या या मुली. त्यांनी होडी पाहिली आणि मदत आणायला धावाधाव केली. माणसं आली. त्यांनी एकट्या एअर्सना जिवंत बाहेर काढलं.

८६ माणसांपैकी एक! बाकीचे ८५ गेले.

एअर्स यांना पुढे त्यांच्या धैर्याबद्दल पदक मिळालं. बरे झाल्यावर ते पुन्हा समुद्रावर गेले. १९९२ साली ते वारले. किनाऱ्याला लागलेले काही मृतदेह तिथल्याच एका जुन्या चर्चच्या आवारात पुरले आहेत. त्यांत अठरा वर्षांचा एक इंग्रज बिनतारी अधिकारी आहे. आणि आपले हिंदी खलाशीही आहेत. त्यांची नावं काय होती ते गावकऱ्यांना कळलं नाही.

तीन कळसूबाई खोल

सत्तर वर्षं गेली. बोटीची आठवण कुणाला होती? चांदीचा हिशेब ठेवणाऱ्यांना होती!

बोट बुडाली तेव्हा चांदीच्या मालकांना ब्रिटिश सरकारने विम्याचे सुमारे सव्वातीन लाख पौंड देऊन टाकले होते. विम्याचा नियम असा, की भरपाई दिली की हरवलेली वस्तू भरपाई देणाऱ्याची. म्हणजे समुद्रतळाशी पडलेली ती चांदी आता सरकारची झाली होती. २०१० साली सरकारने एका अमेरिकन कंपनीशी करार केला. ‘शोधा, वर आणा. खर्च वजा जाता उरेल त्यातला ८० टक्के वाटा तुमचा, बाकीचा आमचा.’

२०११ साली बोट सापडली. किती खोल? ४,७०० मीटर! आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवा, म्हणजे जेमतेम वरच्याचा माथा पाण्याबाहेर येईल. सुप्रसिद्ध ‘टायटॅनिक’ सुमारे ३,८०० मीटरवर आहे. ही तिच्याहूनही खोल.

तिथे माणूस जाऊन काम करू शकत नाही. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. या हिशेबाने ४,७०० मीटरवर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ पाच क्विंटल वजन पडेल. ज्वारीची पाच पोती! म्हणून वरच्या जहाजातून लांबलचक तारेने यंत्रमानव खाली सोडले. त्यांना दिवे आणि कॅमेरे लावलेले आणि लोखंडी हात. वर बसलेला माणूस पडद्यावर बघून ते हात चालवतो. यंत्रमानवांनी गडद अंधारात प्रकाश टाकला तेव्हा ‘गैरसोप्पा’ सरळ बसलेली दिसली. तिच्या कुशीत टॉर्पेडोने पाडलेलं भगदाडही होतं.

२०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत चांदीच्या २,७९२ विटा वर आल्या. एकूण वजन जवळजवळ शंभर टन. विमा उतरवलेल्या चांदीपैकी ९९ टक्क्यांहून जास्त चांदी सापडली! पुढे त्यातल्या काही चांदीची इंग्लंडच्या टांकसाळीने नाणी पाडली आणि त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं.

आणि टपाल?

चांदी शोधता शोधता यंत्रमानवांना आणखी काही दिसलं. टपालाच्या थैल्या! उघडून पाहतात तो आत पत्रं. एकूण ७१७ पत्रं मिळाली. त्यात नाताळची भेटकार्डं होती, धंद्याचे कागद होते, ख्यालीखुशालीही होती. आणि शाई वाचता येत होती!

आता तुम्ही म्हणाल, बाई, आमची वही दप्तरात पावसाने भिजली तरी तिचा लगदा होतो. ही पत्रं सत्तर वर्षं पाण्यात कशी टिकली?

प्रश्न चांगला आहे. वस्तू कुजते म्हणजे काय होतं? सूक्ष्म जीव ती खातात. त्यांना भराभर वाढायला हवा लागते आणि ऊब लागते. म्हणून उन्हाळ्यात भाजी बाहेर ठेवली की आंबते आणि फ्रिजमध्ये टिकते. बोटीच्या पोटात, एकावर एक रचलेल्या थैल्यांच्या ढिगाखाली ही पत्रं घट्ट दाबली गेली होती. पाणी बर्फासारखं गार, प्राणवायू फारच थोडा आणि उजेडाचा पत्ता नाही. कागद खाणाऱ्यांना तिथे शिरकावच मिळाला नाही. समुद्राने जणू मोठ्या फ्रिजमध्ये ती जपून ठेवली!

तज्ज्ञांनी एकेक पत्र फार हळुवारपणे सोडवलं, त्यातलं मीठ काढलं, वाळवलं. २०१८ साली लंडनच्या टपाल संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. ९९ वर्षांच्या त्या आजीला तिचं पत्र मिळालं ते याच सुमाराला.

मोजलेलं आणि न मोजलेलं

मुलांनो, गोष्ट इथे संपवता आली असती. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती तुम्हांला सांगते.

चांदीची एकेक वीट आपल्याला माहीत आहे. २,७९२. पत्रं माहीत आहेत. ७१७. पत्रं कुणी लिहिली, कुणाला लिहिली, हेही पुष्कळसं कळलं. पण त्या ७१७ पत्रांची थैली, ती चांदी आणि तो चहा ज्यांनी फ्रीटाऊनपर्यंत आणि पुढे अटलांटिकपर्यंत ओढत नेला, त्या सारंगाचं नाव काय? त्या आगवाल्याचं गाव कोणतं? भंडाऱ्याला मुलं किती होती? त्या हिंदी खलाशांची माहिती शोधायला गेलं, की हाती फार थोडं लागतं.

लंडनमध्ये टॉवर हिल नावाच्या जागी व्यापारी बोटींवर मेलेल्या खलाशांचं मोठं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे चोवीस हजार नावं तिथे धातूच्या पाट्यांवर आहेत. बोटीचं नाव आणि खाली माणसांची नावं. ‘गैरसोप्पा’ही आहे. पण हिंदी करारावर कामाला लागलेले आपले खलाशी त्या पाट्यांवर नाहीत. दुसऱ्या महायुद्धात असे सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. त्यांची नावं एका नोंदवहीत लिहिलेली आहेत. तिची एक प्रत चितगावला ठेवलेली आणि दुसरी आपल्या मुंबईत. मस्जिद बंदरला ‘इंडियन सेलर्स होम’ म्हणून जुनी इमारत आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे. मुंबईच्या किती मुलांना हे माहीत आहे? मलाही अगदी अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं.

अशा खलाशांच्या घरी काय झालं असेल? कितीएक महिने वाट पाहिली असेल. मग कधीतरी एक कागद आला असेल. तो वाचून दाखवायला गावात कुणाला तरी बोलवावं लागलं असेल. कित्येक खलाशांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची पत्रंही फारशी नाहीत. चांदी टिकली, कागद टिकला. ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांची आठवण तेवढी पुसट झाली.

म्हणूनच आज तुम्हांला मी एक काम देणार आहे. घाबरू नका, गृहपाठाच्या वहीत तपासणार नाही!

आपल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या, मुंबईच्या आणि गोव्याच्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी ‘बोटीवर’ गेलेलं असतं. आजोबांचे वडील, आजीचा भाऊ, शेजारचे चाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि विचारा. ‘आपल्याकडे बोटीवर कोण होतं? त्यांचं पूर्ण नाव काय? कोणत्या बोटीवर होते? काय काम करायचे? परत आले का?’ ट्रंकेत एखादी जुनी खलाशाची वही असेल, फोटो असेल, बिल्ला असेल. तो पाहा. आणि जे कळेल ते एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून, तारीख घालून जपून ठेवा. समुद्राकाठी राहत नसाल तर गिरणीत, रेल्वेत, धरणावर काम केलेल्या पणजोबांबद्दल लिहा. पालकांनो, तुम्हीही मुलांबरोबर बसा. आज आजी सांगू शकते, उद्याचं कुणी सांगावं?

दर वर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. त्या दिवशी शाळेत हे कागद वाचून दाखवता येतील. आणि मुंबईला कधी गेलात, तर राणीची बाग, गेटवे ऑफ इंडिया पाहून झाल्यावर मस्जिद बंदरच्या बाजूलाही एक फेरी मारा. आत जाऊ दिलं तर त्या वहीपुढे क्षणभर उभे राहा.

तळाशी पडलेली पत्रं वाचायला माणसांना सत्तर वर्षं थांबावं लागलं. तुमच्या घरातल्या माणसाची गोष्ट ऐकायला तेवढं थांबू नका. आज संध्याकाळी दिवेलागणीला आजीजवळ बसा आणि विचारा, ‘आजी, आपल्यातलं कोण गं बोटीवर होतं?’